पगाराचा दिवस आणि आयडीवाला



पगार खात्यात पडल्याचा मेसेज येतो, आणि त्याच संध्याकाळी आणखी एक मेसेज येतो. तो कंपनीचा नसतो, बँकेचाही नसतो. "दादा, आयडी पाहिजे का? पहिल्या भरण्यावर बोनस." नंबर कधी भारतातला, कधी इथला, कधी भलत्याच देशातला. पाठवणाऱ्याला तुमचा पगार झाल्याचं तुमच्या घरच्यांच्याही आधी कळलेलं असतं. कसं कळतं, तर तुमच्याच खोलीतला किंवा तुमच्याच बसमधला कुणीतरी त्याचा माणूस असतो.

आज सट्ट्यावर लिहायचं कारण म्हणजे अल कूजच्या एका कॅम्पातला आपला एक भाऊ. नांदेडकडचा, शटरिंगचं काम करणारा, इथे येऊन नऊ वर्षं झालेली. ओव्हरटाइम धरून महिन्याला पंधराशे दिरहम हातात पडायचे. दारू नाही, तंबाखू नाही. खोलीतल्या भिशीचा हिशेब त्याच्याकडे असायचा, म्हणजे लोकांचा विश्वास किती होता बघा. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री खोलीतल्या एकाने त्याला पन्नास दिरहम लावायला लावले आणि त्याचे चारशे झाले. आमच्याकडे तो आठ महिन्यांनी आला. तेव्हा खोलीतल्या आणि मेसमधल्या अकरा जणांचे मिळून अडतीसशे दिरहम त्याच्या अंगावर होते. आयडीवाल्याचे बासष्टशे उधार होते. गावाकडे दोन लाख रुपये शेकडा तीनने उचललेले होते, ते कशासाठी हे बायकोला माहीत नव्हतं. तिला सांगितलं होतं, व्हिसा रिन्यू करायला कंपनीने पैसे मागितले. कंपनी वाईट असते हे घरच्यांना पटकन पटतं, त्यामुळे ही थाप खपली.

तो पैशाबद्दल फार बोललाच नाही. रोज रात्री घरी फोनवर बोलताना आपण किती सहज खोटं बोलायला लागलो, त्याचीच भीती वाटते, असं म्हणत होता.

आम्ही काही कीर्तनकार नाही. पत्ते, आकडा, लॉटरी यांचा आपल्या घरांशी संबंध नवा नाही. ज्यांचे आजोबा लालबाग-परळच्या गिरण्यांत होते त्यांनी मटक्याच्या गोष्टी ऐकल्याच असतील. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते-बंद भाव मुंबईत यायचे आणि त्यांवर लोक पैसे लावायचे, तिथून हे सुरू झालं. ते भाव येणं बंद झालं तेव्हा चिठ्ठ्या मडक्यातून काढायला लागले, म्हणून मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला आणि दोनच वर्षांत रतन खत्री यांचा आला. गिरणीकामगार पाळी सुटली की चार आणे, आठ आणे आकड्यावर लावायचा. एका आकड्याला नऊपट मिळायचे, पण आकडे होते दहा. म्हणजे दहा माणसांनी दहा आकड्यांवर एक-एक रुपया लावला तर नऊ रुपये परत आणि एक रुपया मटकेवाल्याचा, रोज, न चुकता. गिरण्या १९८२ च्या संपात बसल्या. मटकेवाल्याला कधी संप करावा लागला नाही.

कामगारच का खेळतो, हे मात्र लोक विचारत नाहीत. 'अक्कल नाही' म्हणून मोकळे होतात. आमचा अनुभव वेगळा आहे. माणूस इथे उतरतो तोच लाख-दीड लाखाचं कर्ज डोक्यावर घेऊन. भारतीय नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. अमिरातीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊच नये असं स्पष्ट आहे. तरी काय घेतलं जातं ते तुम्ही जाणता. बाराशे पगारात ते कर्ज फेडायला दोन वर्षं जातात. मग बहिणीचं लग्न येतं, किंवा बापाचं ऑपरेशन. सरळ वाटेने हिशेब लागत नाही म्हटल्यावर वाकडी वाट दिसायला लागते. त्यात रविवारची सुट्टी, बारा फूट खोलीत आठ बंक, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि हातात फोन. आयडीवाला याच माणसाला शोधत असतो. म्हणून पगार वेळेवर, भरतीचा पैसा मालकाकडून आणि आठवड्याची सुट्टी खरोखरची, या मागण्या आम्ही सोडणार नाही. पण त्या मान्य होईपर्यंत तुमचा पगार तुमच्याकडे राहायला पाहिजे.

आता इथला कायदा. यात बराच गोंधळ आहे, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत बदल झालेत. पूर्वी सरळ होतं, जुगार बंद. सप्टेंबर २०२३ मध्ये संघीय सरकारने व्यावसायिक गेमिंगसाठी एक नियामक प्राधिकरण नेमलं. २०२४ च्या सुरुवातीला महजूझ आणि एमिरेट्स ड्रॉ हे दोन्ही थांबले. जुलै २०२४ मध्ये यूएई लॉटरीला परवाना मिळाला आणि डिसेंबरमध्ये तिची पहिली सोडत झाली. रास अल खैमाला अल मरजान बेटावर विन कंपनीचं मोठं रिसॉर्ट बांधलं जातंय, त्यालाही गेमिंगचा परवाना मिळाला आहे. आपल्यातलेही काही जण त्या साइटवर असतील. हे सगळं बघून 'आता इथे सगळं चालतं' असं बोललं जातंय. तसं नाही. परवाना ज्याला आहे तेवढंच चालतं. बाकीचा जुगार आजही गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजार दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. खेळवणाऱ्याची शिक्षा तर कितीतरी मोठी. व्हीपीएन लावून बेटिंगच्या साइटवर गेलात, तर गुन्हा करण्यासाठी आयपी पत्ता लपवल्याचं वेगळं कलम लागू शकतं, त्याचा दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. आणि शिक्षेनंतर परत पाठवणी झाली तर नोकरी, व्हिसा सगळंच गेलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आयडीला परवाना नसतो. क्रिकेटवर, टॉसवर, पुढच्या ओव्हरवर, रमीवर, 'विमान उडालं की पैसे काढा' असल्या खेळांवर कॅम्पात जे चालतं, ते यातच मोडतं. खोलीत पैसे लावून तीन पत्ती खेळणंसुद्धा. दिवाळी आहे, गंमत आहे, हे इथल्या पोलिसाला सांगून उपयोग नाही.

परवान्याच्या लॉटरीबद्दल आम्ही 'घेऊच नका' म्हणत नाही. आमच्यातल्याच एकाने मागे घेतलं होतं. पण हिशेब करून घ्या. यूएई लॉटरीची सुरुवातीची रचना अशी होती: एकतीसमधले सहा आकडे आणि बारामधला एक महिना, सगळं जुळलं तर दहा कोटी दिरहम. अशा एकूण ८८ लाख ३५ हजार ३७२ जोड्या होतात, त्यातली एक तुमची. सोडत पंधरा दिवसांनी असायची. दर सोडतीला एक तिकीट काढलं, तर सगळ्या जोड्या पालथ्या घालायला जवळपास तीन लाख चाळीस हजार वर्षं लागतील. तिकीट पन्नास दिरहमचं. बाराशे पगाराला सव्वीस दिवसांनी भागा, दिवसाचे सेहेचाळीस येतात. म्हणजे एक तिकीट म्हणजे एक दिवसापेक्षा जास्त मजुरी. हो, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते दहा कोटी लागले, आणि आपल्याच देशातल्या एका तरुणाला लागले. त्याचा फोटो तुम्ही पाहिला. ज्यांना लागले नाहीत त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

दुबई ड्यूटी फ्रीच्या मिलेनियम मिलेनियर सोडतीचं गणित जरा बरं आहे. १९९९ पासून चालू आहे. पाच हजार तिकिटं, एक तिकीट हजार दिरहमला, बक्षीस दहा लाख डॉलर म्हणजे साधारण ३६ लाख ७० हजार दिरहम. जमा होतात पन्नास लाख. तिथेही हजारातले पावणेतीनशेच्या आसपास वाटेतच जातात. आणि ही सगळ्यात सरळ सोडतींपैकी एक! दहा जण शंभर-शंभर काढून घेत असाल तर एक करा: सोडतीच्या आधी ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाका आणि कोणाचे किती ते लिहून सगळ्यांनी 'हो' म्हणून ठेवा. तिकीट एकाच्या नावाचं असतं. लागल्यावर नातं राहत नाही, हे आम्ही पाहिलंय.

कुणाला हौस असेलच, तर त्याची मर्यादा ही: पगार झाला, घरी पैसे पाठवले, मेसचं दिलं, फोनचं रिचार्ज झालं, आणि त्यानंतर चहा-नाश्त्याला जे उरले त्यातलेच. ते गेले समजूनच द्यायचे. सिनेमाचं तिकीट काढतो तसं. परवान्याच्या लॉटरीत खात्यावर खर्चाची मर्यादा घालता येते, स्वतःला बंद करून घेण्याची सोयही नियमांत आहे. ती आधीच लावून ठेवा, कारण हरल्यावर ती लावायचं डोकं जाग्यावर राहत नाही. उधारीवर कधीच नाही. हरलेले परत आणायला कधीच नाही. या दोन गोष्टी मोडल्या की मग ती हौस राहत नाही.

आयडीच्या धंद्याचं पोट मात्र वेगळ्याच माणसांवर भरतं. महादेव अ‍ॅपचं प्रकरण आठवत असेल. छत्तीसगडच्या भिलाईतले दोघे, सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल, त्यांनी दुबईत बसून हे जाळं चालवलं असा ईडीचा आरोप आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रास अल खैमात झालेल्या लग्नावर दोनशे कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला असं तपास यंत्रणेचं म्हणणं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत सरकारने महादेवसह बावीस अ‍ॅप आणि साइट बंद केल्या. त्या धंद्याची रचना बघण्यासारखी आहे. गावोगावी 'पॅनल' वाटलेली, आणि नफ्याची सत्तर-तीस अशी वाटणी, असं ईडीने म्हटलंय. वाटणी कशाची होते? तुम्ही हरलेल्या पैशाची. मग जो तुम्हाला 'दादा, आज पक्कं आहे' म्हणून सांगतोय, त्याचं घर तुमच्या हरण्यावर चालत असेल, तर तो तुम्हाला जिंकायला कशाला मदत करेल?

आपल्या विदर्भातलंही एक उदाहरण आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियाच्या एका बुकीच्या घरावर छापा टाकला. कोट्यवधींची रोकड आणि काही किलो सोनं सापडलं. तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याची होती, ऑनलाइन खेळात ५८ कोटी रुपये गेल्याची. त्यालाही सुरुवातीला लिंकच आली होती, आणि तोही आधी जिंकला होता. बुकी त्याआधीच निसटला होता, आणि बातम्यांत गावाचं नाव आलं ते दुबई. व्यापारी शिकलेला, पैसेवाला माणूस. तेव्हा 'मी हुशार आहे, मी सावध खेळतो' हे कुणी सांगू नये.

टेलिग्रामवरच्या 'फिक्स' टिपांचं गुपित तर अगदी सोपं आहे. टिपवाला हजार जणांना गाठतो. पाचशे जणांना सांगतो मुंबई जिंकणार, पाचशेंना चेन्नई. मुंबई जिंकली की चेन्नईवाले पाचशे विसरून जातो. उरलेल्या पाचशेंचे पुढच्या सामन्याला दोन भाग. मग अडीचशे, मग सव्वाशे. तीन सामने झाल्यावर सव्वाशे माणसांना वाटतं, हा देव आहे, याचं कधी चुकतच नाही. त्यांच्याकडून तो चौथ्या टिपेचे पैसे घेतो. त्याला क्रिकेट कळायचीही गरज नाही.

आणखी एक जाळं, ज्यात न खेळणारेही अडकतात. आयडीवाला पैसे स्वतःच्या खात्यात कधी घेत नाही. तो तुमच्यासारख्याचं खातं वापरतो. 'दादा, तुझ्या खात्यात हजार येतील, पन्नास ठेव, बाकी पुढे पाठव.' किंवा सिम तुमच्या एमिरेट्स आयडीवर काढून मागतो. प्रकरण फुटलं की पोलिसांच्या कागदावर नाव तुमचं असतं. गावाकडेही तेच. जिंकलेले पैसे ज्या खात्यातून येतात ते कुठल्या तरी सायबर फसवणुकीतलं निघतं, आणि मग पैसे आलेलं खातंही गोठवलं जातं. ते खातं असतं बायकोचं. ज्यात तुमचा खरा, घामाचा पैसाही पडलेला असतो. मग ती बिचारी लेकराची फी भरायची सोडून बँक आणि पोलीस ठाणं यांच्यात चपला झिजवते. खातं, कार्ड, सिम, ओटीपी, कुणालाही देऊ नका. सख्ख्या गाववाल्यालाही नाही.

आता ओळखायचं कसं. हौस कुठे संपली आणि रोग कुठे सुरू झाला? रोग हा शब्द आम्ही उगाच वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराची लत आहे. डॉक्टर मंडळी सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात. तेवढीच मजा यायला पूर्वीपेक्षा जास्त पैसे लावावेसे वाटतात का? आणि किती खेळलो याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलं का? एकालाही 'हो' उत्तर असेल तर थांबून विचार करायची वेळ झाली. हे वाचताना आसपास कुणी नाही. स्वतःला विचारून बघा.

कॅम्पातल्या आयुष्यात हे कसं दिसतं ते सांगतो. आधी माणूस भारताच्या सामन्यावर लावतो. मग आयपीएल. मग जिथले खेळाडू त्याला माहीत नाहीत अशा कुठल्या तरी देशाच्या लीगवर, रात्री तीन वाजता. त्याला क्रिकेट बघायचं नसतं, पैसे लावायला काहीतरी चालू असायला हवं असतं. २०२५ च्या आशिया कपचा अंतिम सामना दुबईत झाला, भारत जिंकला, सगळा कॅम्प नाचत होता. असा माणूस त्या रात्री नाचत नाही. तो कोपऱ्यात फोन धरून बसतो, कारण त्याने किती विकेटने जिंकणार यावर लावलेलं असतं.

फोन उलटा ठेवायला लागतो. संडासात तासभर बसतो. पगार झाला तरी चार दिवसांनी 'दहा दिरहम दे रे' म्हणतो. मेसचे दोन महिने थकवतो, आणि कारण प्रत्येकाला वेगळं सांगतो: याला वडील आजारी, त्याला पाकीट हरवलं. भिशीत आपला नंबर आधी लावा म्हणून मागे लागतो. सुपरवायझरकडे अ‍ॅडव्हान्स मागतो. दर महिन्याला एक्स्चेंजमध्ये जाणारा एक महिना जात नाही, मग दोन. घरचा फोन आला की 'ड्यूटीवर आहे' म्हणून कापतो. सुट्टीला गावी जायचं पुढे ढकलतो, कारण हातात काही न घेता जायची लाज वाटते. बारीकसारीक गोष्टीवरून भांडतो. झोप नाही, आणि न झोपता मचाणावर चढणाऱ्या माणसाचं काय होऊ शकतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि सगळ्यात मोठी खूण: जिंकूनही थांबत नाही. अल कूजच्या आपल्या भावाला मधे एकदा सतराशे दिरहम लागले होते. महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. त्याने उधारी फेडली नाही. पहाटेपर्यंत ते सतराशे आणि वर तीनशे गेले. पैशाची गरज म्हणून खेळतोय, असं तो स्वतःला सांगत होता, ते खोटं आहे हे त्या पहाटे त्याला कळलं, असं त्यानेच सांगितलं. कळूनही पुढे तीन महिने गेले. लत म्हणतात ती हीच. युधिष्ठिरापेक्षा धर्म जाणणारा कोण होता? तोही फासे टाकतच राहिला की.

हे वाचून कुणाला आपलाच चेहरा दिसला असेल, तर त्याच्याशी चार शब्द.

आधी एका माणसाला खरं सांगा. सगळ्या खोलीला नको, एकालाच. रक्कम सांगा, पूर्ण सांगा. अर्धी रक्कम सांगणारा माणूस परत खेळतो, कारण उरलेली अर्धी गुपचूप फेडायची असते. मग आयडीवाल्याचे नंबर बंद, ग्रुपमधून बाहेर, अ‍ॅप काढून टाका. जमलं तर नंबरच बदला. पगार झाला त्याच दिवशी घरचे पैसे पाठवा, मेसचे महिन्याचे आगाऊ देऊन टाका, हातात शंभर-दीडशेच ठेवा. घरच्या खात्याची चावी बायकोकडे, आईकडे असू द्या, गावातल्या मित्राकडे नको. एटीएम कार्ड मात्र कॅम्प बॉसला किंवा सुपरवायझरला ठेवायला देऊ नका. त्यातून वेगळीच भानगड सुरू होते.

उधारी फेडायला नवी उधारी नको. कॅम्पात शेकडा दहाने पैसे देणारे फिरतात. एका माणसाने दुसऱ्या माणसाला व्याजाने पैसे देणं या देशात गुन्हा आहे, हे त्यांना चांगलं माहीत असतं, म्हणून ते कागद करत नाहीत, पासपोर्ट मागतात. पासपोर्ट कुणालाही द्यायचा नाही. कोऱ्या चेकवर सही नाही, कोऱ्या कागदावरही नाही. आणि पळून जायचं नाही. कामावर न जाता गायब झालात तर कंपनी तशी तक्रार टाकते, आणि मग सट्टा राहतो बाजूला, व्हिसाचं प्रकरण उभं राहतं.

आयडीवाल्याच्या उधारीचं काय? तो धमकावतो, 'गावी माणसं पाठवीन', 'बायकोला फोन करीन'. भारतात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो, तो पैसा कोर्टातून वसूल करता येत नाही. म्हणूनच त्याला धमकी द्यावी लागते. धमकीचे मेसेज पुसू नका, जपून ठेवा. मात्र इथे स्वतः खेळल्याचं कबूल करत सरळ पोलिसात जाण्याआधी सल्ला घ्या. दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री ८००४६३४२. हे केंद्र पूर्वी कामगार संसाधन केंद्र म्हणून ओळखलं जायचं, आणि २०१० मध्ये त्याचं उद्घाटन आपल्या जळगावच्या, तेव्हा राष्ट्रपती असलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी केलं होतं. तिथे कायद्याचा सल्ला आणि समुपदेशन फुकट मिळतं. गावाकडच्या माणसांना मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात. बायको किंवा आईही फोन करू शकते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला असेल तर त्याच क्षणी शेजारच्या बंकवरच्याला उठवा. तो चिडेल, उठेल, आणि बसून राहील. आपली माणसं तेवढी चांगली आहेत.

खोलीतल्या लोकांनाही सांगायचंय. अशा माणसाला रोख देऊ नका, जेवण द्या. त्याची उधारी फेडून टाकणारा मोठ्या मनाचा मित्र त्याला नवी पाटी कोरी करून देतो, आणि तो त्या पाटीवर परत तेच लिहितो. टिंगल नको, 'जुगारी' म्हणून हाक मारणं नको. आणि खोलीत आयडी वाटणारा कोण आहे हे तुम्हा सगळ्यांना माहीत असतं. त्याला एकदा सगळ्यांनी मिळून समोर बसवून बोला. तोही बहुतेक कर्जबाजारीच असतो, आपली उधारी फिटावी म्हणून कमिशनवर दुसऱ्याला ओढणारा. आमच्या भावाला ओढणारा तसाच निघाला.

भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा झाला. राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्टची. भारतीय संघाच्या जर्सीवर ज्या कंपनीचं नाव होतं तिलाही पैशाचे खेळ बंद करावे लागले. या कायद्याचा रोख खेळवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्यावर नाही, हे चांगलं झालं. त्याच्या महिनाभर आधी आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडी असल्याचा व्हिडिओ फिरला होता. आपण खेळत नव्हतो, असं माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं. त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं. यावर आणखी काय बोलणार! पण बंदी आली म्हणून मेसेज थांबलेत असं नाही. उलट, सरळ कंपन्या गेल्या आणि परदेशातून चालणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या आयड्या उरल्या. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दारच नाही. 'काढायचे असतील तर आधी वीस टक्के टॅक्स भरा' असा मेसेज आला, की समजायचं, तुमचे पैसे केव्हाच गेलेत, आता उरलेल्यावर डोळा आहे.

आमच्या भावाने घरी सांगितलं. आमच्या एका सहकाऱ्यासमोर बसूनच फोन लावला. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग बायकोने दोनच गोष्टी विचारल्या: एकूण किती, आणि जेवलात का. दुसऱ्या दिवसापासून बँकेचे मेसेज तिच्या फोनवर जायला लागले. खोलीतल्या अकरा जणांनी बसून ठरवलं, महिन्याला तीनशे, ज्याची गरज मोठी त्याला आधी. भिशीचा हिशेब आता दुसऱ्याकडे आहे, त्याचं त्याला वाईट वाटतं, पण तो काही म्हणत नाही. मधे एकदा घसरला, ऐंशी दिरहम, आणि त्याच रात्री त्याने ते स्वतःहून सांगितलं. अडतीसशेपैकी आता अकराशे राहिलेत. गावाकडच्या दोन लाखांचं व्याज चालू आहे, मुद्दल तसंच आहे, त्यासाठी गावी जायचं आणखी एक वर्ष पुढे गेलंय. आयडीवाल्याचे मेसेज अजून येतात, पगाराच्या दिवशी, नव्या नंबरवरून. तो ते उघडत नाही. आमच्याकडे पाठवतो, आणि आम्ही नंबर लिहून ठेवतो.